व्याख्यात्यांची शाळा

काही वर्षांपूर्वी मी एका उजळणी वर्गाला गेलो होतो. आम्हा महाविद्यालयीन मंडळींना अशा वर्गांना जावेच लागते. बढतीचा हिशेब असतो. विषय होता 'कृतिशील अध्ययन', म्हणजे विद्यार्थ्याने नुसते ऐकत न बसता वर्गातच विचार करून, बोलून, पडताळून शिकणे. वक्ते विद्वान होते. व्याख्यानाची पद्धत कशी जुनी झाली, हे त्यांनी आम्हाला सलग दोन तास व्याख्यान देऊन सांगितले. मागच्या बाकावर दोघांना डुलकी लागली. त्यांतला एक मी.

शाळामास्तरांसाठी डी.एड., बी.एड. असते. महाविद्यालयातला अध्यापक मात्र विषयाची पदवी हाती पडली की थेट फळ्यापुढे उभा! मग त्याला शिकवायला शिकवावे कोणी आणि कसे? अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या अध्यापकांनी यासाठी जी खटपट केली, तिची हकिकत आज सांगतो.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे १९८४ पासून शिकवीत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूष, गुणही चांगले. १९९० साली त्यांच्या वाचनात आले की डेव्हिड हेस्टनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या भाषेतल्या साध्या प्रश्नांची एक चाचणी केली आहे आणि भौतिकशास्त्र शिकलेली मुले तीत आपटतात. प्रश्न कसले? समजा, उसाने भरलेला ट्रक आणि लहानशी मोटार यांची टक्कर झाली. कोण कोणावर जास्त जोर लावील? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारा मुलगाही सांगतो, "ट्रक!" खरे तर दोन्ही जोर सारखेच असतात. आमच्या वर्गात असे होणार नाही, असे माझूर यांना वाटले. त्यांनी चाचणी दिली, तर एका मुलीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहू, की मला वाटते तशी? निकालही तसाच लागला.

पुढे एका तासाला त्यांनी एक प्रश्न दोनदा समजावला, तरी चेहरे कोरेच. शेवटी हात टेकून ते म्हणाले, आपापसांत बोला. वर्गात एकच गलका झाला आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांना उमगले. कारण सरळ आहे. ज्याला नुकतेच कळले त्याला शेजाऱ्याची अडचण कुठे आहे ते ठाऊक असते. वीस वर्षांपूर्वी शिकलेला प्राध्यापक ती विसरून गेलेला असतो. १९९१ पासून त्यांनी याचीच पद्धत केली. आधी प्रश्न, मग प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद, आणि पुन्हा उत्तर. पहिल्याच वर्षी त्या चाचणीतली मुलांची प्रगती जवळजवळ दुप्पट झाली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ही युक्ती इतरांनी उचलावी कशी? १९९६ पासून तिथल्या भौतिकशास्त्र-शिक्षकांच्या संघटनेने नव्या अध्यापकांसाठी काही दिवसांची कार्यशाळा सुरू केली. अध्यापक उत्साहाने परतत आणि वर्गात प्रयोग करीत. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ७२२ अध्यापकांना विचारल्यावर, दिसले की ज्यांनी अशा पद्धती करून पाहिल्या त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांशांनी त्या सोडूनही दिल्या. पाककृती वाचून पुरणपोळी करायला बसावे आणि पहिली फाटली की पोळपाट उचलून ठेवावा, तसे झाले म्हणाना. चार दिवसांत युक्ती कळते, पण बेतलेला अभ्यासक्रम हाती येत नाही.

नोबेल पारितोषिक मिळवलेले कार्ल वीमन यांनी दुसरी वाट धरली. २००६ साली कोलोराडो विद्यापीठात आणि २००७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पैसा थेट विभागांना दिला. विषयातलाच एखादा तरुण डॉक्टरेटधारक विभागात नेमायचा. त्याने अध्यापकाच्या शेजारी बसून ठरवायचे, की या सत्राअखेर मुलाला नेमके काय करता यावे, आज त्याला काय येते आहे, आणि कोणत्या प्रश्नाने त्याचे पाऊल पुढे पडेल. हे एका सत्रात आटोपणारे काम नव्हे. भाषण ठोकणे सोपे. सात मिनिटे वर्ग विचारात पडेल असा एक प्रश्न तयार करायला माझी अख्खी रविवारची दुपार जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

कारण त्या डुलकीनंतर मीही थोडे करून पाहिले. मी इतिहासाचा माणूस. १७६१ चे पानिपत शिकवताना कारणांची यादी फळ्यावर लिहिली नाही. विचारले, "रसद तुटली आहे, छावणीत धान्य नाही. भाऊसाहेबांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? आधी वहीत लिहा, मग शेजाऱ्याशी भांडा." असा कल्लोळ उठला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

हार्वर्डमध्येच २०१९ साली एक गंमत आढळली होती. अशा वर्गातली मुले शिकली जास्त, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. त्यामुळे तास संपल्यावर पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही. तो म्हणाला, "सर, आज चर्चा छान झाली. पण पानिपत तुम्ही शिकवणार कधी?"