आखूड मान आणि कवटीचा तळ

मनुष्य गर्भांत असतां कवटीचा तळ आणि मानेचा पहिला मणका हीं निराळीं होतात. क्वचित् तो मणका कवटीसच चिकटून राहतो. कधीं दुसऱ्या मणक्याचा दांतासारखा सुळका वर चढून मज्जारज्जूच्या वाटेंत येतो. दोष जन्माचा, परंतु त्याचा धनी चाळीस वर्षें संसार करतो आणि त्यास त्याची वार्ताहि नसते. भंडारा जिल्ह्यांतील आसगांवासारख्या धानपिकाच्या गांवीं एखादा आखूड मानेचा शेतकरी डोक्यावर भारा घेऊन चालला, तर मान बापावर गेली आहे, याहून अधिक कोण काय म्हणणार? पुढें अन्य कांहीं कारणानें मानेचें चित्र काढावें लागतें, तेव्हां हें गुपित बाहेर पडतें.

पूर्वीं तें मरणानंतरच कळे. आकरमान यानें १७९० सालीं आल्प्स पर्वतांतील खुरटलेल्या लोकांच्या दबलेल्या कवट्यांचें वर्णन केलें. १८९५ त राँटगेन यास क्ष-किरण सांपडले आणि जिवंत माणसाचीं हाडें दिसूं लागलीं. तरी दिसणें निराळें व ओळखणें निराळें. अमेरिकेंतील चेंबरलेन यानें १९३९ त साधी युक्ति काढली: टाळूच्या हाडाच्या मागल्या कडेपासून, मज्जारज्जू ज्यांतून उतरतो त्या छिद्राच्या मागल्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, आणि सुळका तिच्यावर किती चढला तें मोजावयाचें. काम पट्टी-पेन्सिलीचें, पण आजच्या चुंबकीय चित्रांवरहि तीच रेघ ओढतात.

यापुढील इतिहासांत मुंबईचा वांटा मोठा आहे. जे. जे. रुग्णालयांतील डॉ. नोशीर वाडिया यांनीं, वरचे दोन मणके जन्मतः निखळल्यानें मज्जारज्जूस इजा पोंचलेल्या २८ रोग्यांचा अभ्यास १९६७ सालीं 'ब्रेन' या विलायती नियतकालिकांत मांडला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनीं ते मणके पट्ट्या व स्क्रू यांनीं बांधण्याची रीत १९९४ त प्रसिद्ध केली. जर्मनींतील हार्म्स यांनीं २००१ त तींत फेरफार सुचविला, आणि आतां ती गोयल-हार्म्स या जोडनांवानें ओळखली जाते.

आम्हांस मात्र शस्त्रक्रियेच्या आधींचा प्रश्न अधिक नाजूक वाटतो. ज्याचे हातपाय धड आहेत, चाल डळमळत नाहीं, अशास केवळ चित्रांतल्या हाडामुळें रोगी ठरवावें काय? आमच्या मतें नाहीं. नुसता चिकटलेला मणका पुष्कळदां जन्मभर निमूट राहतो. खरी भीति त्याच्या खालचा सांधा सैल असण्याची. म्हणून डॉक्टर मान पुढें व मागें वांकवून दोन चित्रें घेतात आणि सुळका जागचा हलतो कीं काय तें पाहतात. दुसऱ्याच एखाद्या शस्त्रक्रियेसाठीं भूल देतांना श्वासाची नळी घालावयास मान मागें कलती करतात. सैल सांध्याच्या माणसास तेवढेंहि महाग पडूं शकतें. तेव्हां असें चित्र घरांत असेल, तर तें कपाटांत न ठेवतां भूल देणाऱ्या डॉक्टरास आधींच दाखवावें.