अलमूतची बाग कुणी पाहिली?

शिया मुस्लिमांतला निजारी इस्माइली पंथ म्हटला की बहुतेकांना एकच कथा आठवते. डोंगरी किल्ल्यात स्वर्गासारखी बाग, हशीशच्या धुंदीत तिथे नेलेले तरुण, आणि त्या स्वर्गात परतण्याच्या आशेने त्यांनी पाडलेले खून. ही कथा जगभर पसरवली मार्को पोलोने. हुलागू खानाच्या मंगोल फौजेने निजारींचा हा किल्ला, अलमूत, घेतला तो १२५६ साली, तेव्हा पोलो जेमतेम दोन वर्षांचा होता.

किल्ला प्रत्यक्ष पाहिला तो अता मलिक जुवैनीने. हुलागूच्या पदरचा हा सुन्नी इतिहासकार निजारींचा हाडवैरी. त्याने त्यांचे ग्रंथालय चाळले, कुराणाच्या प्रती आणि खगोलशास्त्राची उपकरणे काढून घेतली आणि धर्मबाह्य वाटलेले ग्रंथ जाळले. पंथाचा संस्थापक हसन-इ-सब्बाह याचे चरित्रही त्याच्या हाती लागले. खडकात कोरलेली कोठारे आणि हौद त्याने बारकाईने वर्णिले. बाग मात्र कुठेही नाही, हशीशही नाही. शिव्यांची लाखोली वाहणारा माणूस असा मुद्देमाल सापडल्यावर गप्प बसेल, हे मला अशक्य वाटते. उलट तोच सांगतो की हसनने आपल्या दोन्ही मुलांना देहदंड दिला, त्यांतल्या एकाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून! ‘हशीशी’ ही विरोधकांनी दिलेली शिवी होती. पुढे तिलाच पुरावा मानले गेले.

खून मात्र खरे आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. १०९२ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला, ११९२ मध्ये टायर शहरात भिक्षूंच्या वेशातील फिदाईंनी, म्हणजे जिवावर उदार झालेल्या निजारींनी, जेरुसलेमचा नियोजित राजा कॉनराड याला भोसकले. पण त्यामागे नशा नव्हती, हिशेब होता. विखुरलेल्या किल्ल्यांतला मूठभर समाज सेल्जुक फौजेशी मैदानात लढूच शकत नव्हता. सत्ता एकेका वजिरावर, सरदारावर टेकलेली, म्हणून घाव त्याच्यावर. आणि ११२९ मध्ये दमास्कसमध्ये इस्माइलींची सरसकट कत्तल झाली, तिला कुणी धुंदी म्हणत नाही.

खुनांपलीकडे पाहिले तर नासिरुद्दीन तूसीसारखा गणिती याच निजारींच्या आश्रयाने वर्षानुवर्षे लिहीत होता. त्यांचे स्वतःचे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणण्याच्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. रशियन पंडित व्लादिमीर इव्हानोव इथेच राहिले, १९४६ मध्ये इथेच इस्माइली सोसायटी उभी राहिली आणि हस्तलिखितांतले फारसी ग्रंथ त्यांनी संपादून छापले.