कोल्हापूरचा चषक आणि हजार यार्डांची जमीन

इंग्लंडमध्ये दर जुलैत लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा मोठा मेळा भरतो. जागा बिस्ले, लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात. तिथल्या मानाच्या सांघिक सामन्यांपैकी एकाचे नाव ‘कोलापोर’ आहे. हे आपले कोल्हापूरच. इंग्रजांच्या जिभेवर जसे बसले तसे ते दीडशे वर्षे लिहीत आले. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून हा सामना खेळला जातो. कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडच्या नेमबाजांना हे नाव तोंडपाठ असते. कोल्हापुरात मात्र रंकाळ्यावर फिरायला आलेल्या दहा जणांना विचारले तर दहाही जण बघत राहतील.

चषकामागची गोष्ट थोडी उदास आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. वय अवघे वीस. परतीच्या वाटेवर, नोव्हेंबर महिन्यात, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी, संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे त्यांची छत्री आजही उभी आहे. १८७१ पासून कोल्हापूरच्या राजाच्या नावाचा हा चषक इंग्लंडच्या नेमबाजी मेळ्यात लढवला जाऊ लागला. साम्राज्यातल्या वसाहतींनी मायदेशाच्या संघाशी स्पर्धा करावी, असा त्याचा बेत होता.

या चषकाकडे कौतुकाने बघावे की खंतावून, हे माझे अजून ठरत नाही. कारण ज्या काळात कोल्हापूरचा चांदीचा चषक इंग्लंडच्या मैदानावर मानाने मांडला गेला, त्या काळात कोल्हापूरच्या सामान्य रयतेला तिथल्यासारखी रायफल हातात धरून सराव करण्याची सोय नव्हती. चषक गेला, माणूस गेला नाही.

हे मैदान आले कुठून, तेही पाहू. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन इंग्लंडवर चालून येईल, अशी धास्ती १८५९ मध्ये पसरली होती. मग गावोगावी कारकून, दुकानदार, कारागीर यांच्या स्वयंसेवक पलटणी निघाल्या आणि त्यांना नेम शिकवायला त्याच वर्षी ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ स्थापन झाली. (अमेरिकेतली याच नावाची बहुचर्चित संस्था वेगळी, ती १८७१ ची.) २ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विंबल्डन कॉमनवर पहिला मेळा भरला. उद्घाटनाची गोळी खुद्द राणी व्हिक्टोरियाने झाडली. रायफल आधीच स्टँडवर पक्की बसवून ४०० यार्डांवरच्या निशाण्यावर रोखलेली. राणीने फक्त दोरी ओढली. गोळी निशाण्याच्या मध्याला जवळजवळ भिडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सामान्य माणसाने लांबचा नेम शिकावा म्हणून राणीने स्वतः मानाचे बक्षीस लावले होते.

आता त्याच राणीच्या दुसऱ्या मुलखात या. १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर अवधसारख्या भागात गावेच्या गावे नि:शस्त्र करण्यात आली. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना मात्र सूट. हिंदुस्थानातही स्वयंसेवक रायफल पलटणी होत्या, त्यांची सरावाची मैदानेही होती. पण त्या पलटणींची दारे हिंदी माणसाला जवळपास बंदच होती. एकाच राणीच्या राज्यात एकीकडे नेम शिका म्हणून बक्षीस आणि दुसरीकडे बंदूक दिसली तर तुरुंग.

याविरुद्ध आवाज उठला तो १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. शस्त्र कायदा बदलावा आणि स्वयंसेवक पलटणींत हिंदी लोकांना घ्यावे, असे ठराव त्या अधिवेशनात झाले. मुसलमान माणूस बंदुकीबद्दल लिहितोय म्हटले की आज भुवया उंचावतात. त्यांच्यासाठी ही नोंद मुद्दाम करून ठेवतो. या मागणीत हाणामारीची भाषा नव्हती. सगळ्या देशावर अविश्वासाचा शिक्का मारलेला आहे तो पुसा, असे ते म्हणणे होते. इज्जतीचा सवाल होता.

पण कायदा बदलला म्हणजे मैदान मिळाले, असे होत नाही. लांब पल्ल्याची नेमबाजी हा मुळात जमिनीचा खेळ आहे. हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. एवढे अंतर सरळ, मोकळे हवे. निशाण्यामागे मातीचा उंच बांध हवा, निशाणे वरखाली करणाऱ्यांना बसायला खंदक हवा. तेवढ्यावरही भागत नाही. ताकदवान रायफलची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, म्हणून बांधामागे डोंगर तरी हवा किंवा माणसांचा वावर नसलेला पट्टा तरी. दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये चालते. हजार यार्डांसाठी सगळा माळच लागतो, आणि तो माळ कोणाच्या ताब्यात आहे यावर सगळे ठरते.

विंबल्डनला हेच आडवे आले. लंडन फुगत चालले, माळाच्या कडेने घरे उठली. शेजारची जमीन ड्यूक ऑफ केंब्रिजची होती आणि गोळ्यांचा आपल्या कुळांना धोका आहे अशी त्याची तक्रार होती. गंमत अशी की हाच ड्यूक ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती होता! देशाचे रक्षण करायला नागरिक नेम शिकताहेत, ठीक आहे, पण माझ्या कुंपणाशेजारी नको. १८८९ चा मेळा विंबल्डनचा शेवटचा ठरला. १८९० पासून सगळा बारदाना बिस्लेला हलला.

बिस्ले लंडनपासून तीसेक मैल. पायी किंवा घोड्याच्या बसने येणाऱ्या कारागिराचे मैदान आता रेल्वेच्या तिकिटाचे झाले. संस्थेला याची जाण होती, म्हणून त्याच वर्षी ब्रुकवुड स्टेशनपासून बिस्लेच्या तळापर्यंत रेल्वेचा छोटा फाटा टाकला गेला. तो १९५२ पर्यंत चालला. आजही तिथे सेंच्युरी नावाच्या मैदानावर ६०० यार्डांपर्यंत शंभराहून जास्त निशाणे ओळीने उभे असतात आणि स्टिकलडाउनवर १२०० यार्डांपर्यंत नेम धरता येतो. १९३० मध्ये मार्जरी फॉस्टर या बाईने इथेच शेकडो पुरुषांना मागे टाकून राजाचे बक्षीस जिंकले.

या ब्रुकवुडपाशी मी जरा रेंगाळणार आहे. लंडनच्या बाजूचे त्याच्या आधीचे स्टेशन वोकिंग. तिथे १८८९ मध्ये, म्हणजे नेमबाज यायच्या आदल्याच वर्षी, भोपाळच्या बेगम शाहजहाँ यांच्या मदतीने शाहजहाँ मशीद उभी राहिली. मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली ती पहिली. ब्रुकवुडला विस्तीर्ण दफनभूमी आहे आणि कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्ला यूसुफ अली तिथेच विसावले आहेत. जन्म मुंबईचा, वफात १९५३ ची, लंडनमध्ये. म्हणजे एकाच रुळावर नमाजी, जनाजे आणि रायफली खांद्याला लावलेले नेमबाज ये-जा करत होते.

अमेरिकेतही तेच घडले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ मध्ये क्रीडमोरचे मैदान सुरू झाले. पुढच्याच वर्षी आयर्लंड आणि अमेरिकेचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली, आणि तीही एका आयरिश नेमबाजाने चुकून शेजारच्या निशाण्यावर अचूक गोळी मारली म्हणून. शहर सरकत आले, मैदान गेले, त्या जागी मनोरुग्णालय उभे राहिले.

आपल्याकडे अशा मैदानाला शब्द आहे: चांदमारी. निशाण्याच्या फळीवरचा गोल ठिपका तो ‘चांद’, त्याला मारायचे म्हणून चांदमारी. छावणीतल्या शिपायांच्या हिंदुस्तानी बोलीतला हा शब्द मराठीतही रुळला. उर्दू शायरीत चांद पाहून माणूस हळवा होतो, पलटणीत त्याच चांदावर गोळी झाडतो! गुवाहाटी, गंगटोक, ऐझॉल या शहरांत चांदमारी नावाच्या वस्त्या आहेत. शब्द सगळीकडे पोचला, मैदान मात्र वर्दीकडेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारताची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. मूळचे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. १९५९ च्या नव्या शस्त्र कायद्याने १८७८ चा कायदा रद्द झाला. पण .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरसारख्या रायफली ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये गेल्या. त्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा भार नेमका अशाच बोअरवर आहे. माझ्या मते प्रतिबंधाला कारण आहे. बंदुकांचा सुळसुळाट कोणाला हवा? प्रश्न एवढाच की खेळाडूसाठी, पहाऱ्यातल्या शस्त्रागारात ठेवलेली रायफल आणि आठवड्यातून एक दिवस उघडे मैदान, इतके तरी का जमू नये.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ३०० मीटरची रायफल ऑलिंपिकमधून गेली. मग आपल्या सगळ्या रेंज १०, २५ आणि ५० मीटरच्याच मापाने बांधल्या गेल्या, यात नवल नाही. त्या अंतरावर कोल्हापूरने काय केले ते जगाने पाहिले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकलाच ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक घेऊन आला. ज्या गावाच्या नावाचा चषक ६०० यार्डांवर खेळला जातो, त्या गावच्या मुलामुलींनी नाव काढले ते ५० मीटरवर.

दिल्लीत २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा झाली तेव्हा लांब पल्ल्याची ‘फुल बोअर’ रायफल घ्यायची होती. १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी बांधलेली तुघलकाबादची कर्णीसिंह रेंज हाताशी होती, बाकीची नेमबाजी तिथे झाली. पण हजार यार्ड तिथे कुठून आणणार? तो एक प्रकार गुडगावजवळ कादरपूरला, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या आवारात न्यावा लागला. एवढी जमीन होती ती वर्दीवाल्यांकडेच. २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेतून नेमबाजी पुरतीच वगळली, बिस्ले त्याच देशात असताना. भारताने बहिष्काराची भाषा केली ती तेव्हा, आणि ती १० आणि ५० मीटरच्या पदकांसाठी होती. लांब पल्ल्याचे नावही कोणी काढले नाही. जो खेळ खेळायला जागाच नाही, त्याच्यासाठी भांडणार तरी कोण?