एकमेकांचं ऐकणं: बँडच्या इतिहासातला एक प्रश्न

आजचा विषय आहे बँड. बँड म्हटलं की कुणाला लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो, कुणाला बीटल्स आठवतात, कुणाला जुन्या हिंदी सिनेमातला क्लबचा बँड. आपल्याला तिन्ही चालतील, कारण आपला प्रश्न तिघांनाही लागू पडतो. पाच माणसं किंवा पन्नास माणसं एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी वाजवतात आणि तरी त्याचं एक गाणं होतं. हे होतं कसं?

पटकन सुचणारं उत्तर असं की सगळे तालात वाजवतात. बरं, पण तो ताल असतो कुठं? कागदावर असतो, वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हातातल्या काठीत असतो, की वाजवणाऱ्यांच्या कानात असतो? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, त्यामुळे असल्या प्रश्नात आम्हाला जरा जास्तच रस. पण आज आपण तो इतिहासातून सोडवायचा प्रयत्न करू. बँडमध्ये कोण कुणाचं ऐकत होतं, आणि ते ऐकणं कशामुळं बदललं, एवढंच बघत जाऊ.

सुरुवात शिकागोपासून करू. किंग ऑलिव्हर हा न्यू ऑर्लिन्सहून आलेला कॉर्नेटवादक. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नाचघरात त्याचा ‘क्रिओल जाझ बँड’ वाजत असे. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यानं तार करून लुई आर्मस्ट्राँगला बोलावून घेतलं. आर्मस्ट्राँग तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा. आता एका बँडमध्ये दोन कॉर्नेट म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. भांडण व्हायचं, पण झालं उलटंच.

या बँडची रचना समजून घेऊ. कॉर्नेट मुख्य चाल सांगणार, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलबुट्टी काढणार, ट्रॉम्बोन खालून आधार देणार, आणि पियानो, बँजो, ड्रम लय धरून ठेवणार. हे बरंचसं उत्स्फूर्त. त्यामुळे दुसरा काय करतोय हे कळल्याशिवाय आपण काय करायचं हे कुणालाच ठरवता येत नसे. मधेच ‘ब्रेक’ येई. सगळा बँड एक-दोन आवर्तनांपुरता गप्प, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत एकच वादक वाजवणार. ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग मात्र या जागेत दोघं मिळून वाजवायचे, आणि तेही एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांत. ऐकणाऱ्यांना ती जादू वाटे. आर्मस्ट्राँगनं पुढं त्याचं रहस्य सांगितलं. बँड वाजत असतानाच ऑलिव्हर त्याच्याकडे झुकून येणाऱ्या ब्रेकचे सूर कॉर्नेटच्या कळांवर बोटांनी दाखवायचा. आर्मस्ट्राँग तेवढ्यावरून त्याला जुळणारी दुसरी ओळ मनात तयार ठेवायचा. चालू गाण्यात आपलं वाजवत राहायचं, आणि त्याच वेळी पुढं येणाऱ्या क्षणासाठी शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं, असं हे दुहेरी काम. आपल्याकडे गवयाबरोबर पेटीची साथ करणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. आपण ‘साथ’ हा शब्द वापरतो तो फार नेमका आहे. साथ देणारा मागूनही येतो आणि बरोबरही असतो.

एप्रिल १९२३ मध्ये या बँडनं इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठा भोंगा असे, आणि त्यातून आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. एकाचा आवाज कमी आणि दुसऱ्याचा जास्त करायची सोय नव्हती. मग माणसंच पुढं-मागं उभी करायची. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत की त्याला बाकीच्यांपासून बरंच लांब उभं केलं होतं, असं पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. म्हणजे बघा, यंत्रानं आपल्या सोयीसाठी वादकांची जागा बदलली. जागा बदलली की कुणाला काय ऐकू येतं तेही बदलतं.

त्याच ध्वनिमुद्रणातली आणखी एक गोष्ट. ‘डिपरमाउथ ब्लूज’ वाजवताना ड्रमवादक बेबी डॉड्स आपली जागा आल्यावर काय वाजवायचं तेच विसरला. बँजोवाल्या बिल जॉन्सननं ते ओळखलं आणि त्या रिकाम्या जागेत एक आरोळी ठोकली. हे डॉड्सनंच पुढं सांगितलंय. पुढं हे गाणं वाजवणाऱ्यांनी ती आरोळी गाण्याचा भाग म्हणूनच धरली. शेजाऱ्याचं लक्ष नसतं तर तिथं भोक पडलं असतं.

आता या प्रश्नावर दोन विचारवंतांचं काय म्हणणं होतं ते पाहू. फ्रान्समधला समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाख्स सामूहिक स्मृतीवर लिहायचा. १९३९ मध्ये त्यानं संगीतकारांच्या स्मृतीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संगीतकारांचा समाज स्वरलिपीवर उभा असतो. ती चिन्हं सगळ्यांना समान कळतात, म्हणून सगळे एकत्र वाजवू शकतात. हा हाल्बवाख्स १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मेला.

त्याच्या या मताला उत्तर दिलं आल्फ्रेड शुट्झनं. हा व्हिएन्नाचा. नाझींमुळं देश सोडून न्यूयॉर्कला आला. दिवसा बँकेच्या कामात, उरलेल्या वेळात तत्त्वज्ञानात. १९५१ मध्ये त्यानं एकत्र संगीत करण्यावर एक निबंध लिहिला. तो म्हणतो, स्वरलिपी हे साधन आहे, पाया नाही. पाया त्याच्या खाली आहे. एकत्र वाजवणारी माणसं एकमेकांच्या आतल्या काळात शिरतात. माझा पुढचा सूर तुझ्या येणाऱ्या सुराच्या अपेक्षेवर उभा, आणि तुझा माझ्या. गाणं चालू आहे तेवढा वेळ ती माणसं एकत्र जगतात, एकत्रच म्हातारी होत जातात. आणि गंमत बघा, शुट्झच्या मते चार जणांचं व्हायोलिन-चेलोचं चतुष्टय आणि मुरलेल्या जाझवाल्यांची मैफल यांत या बाबतीत मुळात फरक नाही. एकीकडे कागद आहे, दुसरीकडे नाही, पण दोन्हीकडे पाया तोच. वादकांची संख्या वाढली, एकमेकांना पाहणं-ऐकणं अशक्य झालं, की मग मध्ये संचालक उभा करावा लागतो.

यात भौतिकशास्त्रही आहेच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर अंतरावरच्या माणसाला तुमचा ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येणार. मोठ्या ढोल-ताशा पथकात हे कळतं. पुढच्या ताशाचा आवाज मागच्या रांगेला उशिरा पोचतो, म्हणून हात बदलायचा इशारा डोळ्यांना दिसेल असा द्यावा लागतो. कान पुरेनासा झाला की डोळा मदतीला येतो.

शुट्झचा निबंध आला त्याच १९५१ साली आपल्याकडे ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्र यांचं. म्हणजे रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. त्यांच्या या काळातल्या संगीतात जाझचा जो रंग आहे त्यामागं चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाचा मोठा हात होता. मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. म्हणजे शिकागोचा धागा असा मुंबईपर्यंत येऊन पोचला.

त्या काळातली ध्वनिमुद्रणाची पद्धत आठवा. सगळे वादक एका खोलीत, गायक-गायिका तिथंच, मायक्रोफोन मोजके. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मोठ्या आवाजाची वाद्यं लांब, नाजूक वाद्यं जवळ, हा रिचमंडचाच हिशोब. पण मुंबईत एक नवीन गोष्ट होती. गोव्याचे वादक चर्चच्या शाळांत लहानपणापासून स्वरलिपी वाचायला शिकलेले. त्यांच्यासमोर कागद असे. शेजारी सारंगी, सतार, तबला वाजवणारे. त्यांची तालीम गुरूसमोर बसून, ऐकून झालेली. एकाची नजर कागदावर, दुसऱ्याचे कान समेवर. हाल्बवाख्स आणि शुट्झ जणू एकाच खोलीत बसले होते. आणि गाणी तर आपण अजून ऐकतो. याचा अर्थ कागदवाल्यालाही तबल्याचा ठेका ऐकावा लागला, आणि ठेकेवाल्याला व्हायोलिनचा पुंजका कधी शिरणार याचा अंदाज घ्यावा लागला. अँथनी गोन्साल्विस या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकानं तर १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. या दोन सवयींना एकत्र बसवायचा तो मुद्दाम केलेला प्रयत्न होता.

आता बीटल्स. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, त्यांनी आपल्या पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी वाजवून टाकली. हे जमलं, कारण त्याआधी हाम्बुर्गच्या क्लबांमध्ये ते रात्ररात्र एकत्र वाजवत होते. एकमेकांच्या सवयी अंगात मुरल्या होत्या. मग १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शी स्टेडियमवर पंचावन्न हजारांवर प्रेक्षकांसमोर ते उभे राहिले. आरडाओरडा इतका की स्वतःचा आवाज स्वतःला येईना. वादकांकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, ज्याला आज मॉनिटर म्हणतात, ते तेव्हा नव्हते. ड्रमवर मागं बसलेला रिंगो स्टार अशा कार्यक्रमांत पुढच्या तिघांच्या पाठी आणि माना कशा हलतात ते पाहून गाणं कुठं आलंय ते ओळखायचा. पुन्हा डोळ्याची मदत! पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले.

नंतर ते स्टुडिओत शिरले. तिथं एका फितीवर थरावर थर चढवता येऊ लागले. १९६७ च्या सुमारास पॉल मॅकार्टनी कितीतरी गाण्यांत आपलं बेस गिटार शेवटी, एकट्यानं, वाजवायचा. ते बेस फार सुंदर आहे, कारण बाकी सगळं ऐकून मग तो वाजवतोय. पण इथं थोडं थांबू. तो इतरांचं ऐकतोय, इतर त्याचं ऐकत नाहीयेत. ते तर आधीच वाजवून मोकळे झालेत. बिल जॉन्सनसारखी आरोळी आता कुणी ठोकू शकत नाही. ऐकणं एकतर्फी झालं.

हे वाईट झालं असं आमचं म्हणणं नाही. पुस्तक वाचणं हेही एकतर्फीच ऐकणं असतं, आणि त्यावर तर आमचा संसार चालला. पण फरक ओळखायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ पाहिले, पडद्यावर वीस चौकटी आणि वीस वादक एकत्र वाजवताना. इंटरनेटवर आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळं ते खरोखर एकत्र वाजवणं जमत नव्हतं. प्रत्येकानं घरी, कानात ठोका लावून, एकट्यानं वाजवलं आणि नंतर ते जोडलं. ऐकायला छान होतं. पण त्यातल्या एकानं जरा दम घेतला तर दुसरा त्याच्यासाठी थांबू शकत नव्हता.

तर मग ताल कुठं असतो? कागद मदत करतो, काठी मदत करते, कानातला ठोका तर फारच अचूक. हुकमावर माणसं एकत्र चालू शकतात, सैन्य तसंच चालतं. पण हुकूम न देता, एकमेकांकडे लक्ष ठेवून, आपलं वेगळेपण न सोडता एकत्र काम करता येतं का, हा राजकारणातला आणि घरातलाही जुना प्रश्न आहे. बँडचा इतिहास सांगतो, येतं. मात्र त्यासाठी मी ऐकतोय तसंच माझंही कुणी ऐकतंय, ही खात्री दोन्ही बाजूंना लागते.

घरी गेल्यावर एक करा. किंग ऑलिव्हरचं ‘स्नेक रॅग’ शोधा, आणि मग ‘अलबेला’तलं कुठलंही गाणं. मुख्य चाल सोडून द्या. कोण कुणासाठी जागा ठेवतंय तेवढंच ऐका. आता प्रश्न घेऊ या.