इमिलियाची साक्ष

१६१० सालच्या सप्टेंबरात शेक्सपिअरची नाटकमंडळी ऑक्सफर्डला गेली होती. तेथे झालेला ‘ऑथेल्लो’चा प्रयोग हेन्री जॅक्सन नावाच्या एका विद्वानाने पाहिला आणि तो कसा वाटला हे एका लॅटिन पत्रात लिहून ठेवले. त्या पत्राचा जो भाग आज उपलब्ध आहे त्यात नायकाच्या वक्तृत्वाविषयी काही नाही, खलपुरुषाच्या चातुर्याविषयीही नाही. नवऱ्याने ठार केलेली डेस्डेमोना शय्येवर पडली असता तिचा नुसता चेहराच प्रेक्षकांजवळ करुणेची याचना करीत होता, असे तो सांगतो. भूमिका करणारा अर्थातच मुलगा होता. परंतु जॅक्सन त्याचा उल्लेख स्त्री म्हणूनच करतो. ज्यांच्या घरी बालगंधर्वांच्या आठवणी अजून निघतात त्यांना याचे नवल वाटू नये.

पुढल्या काळात टीकाकारांची नजर या शय्येवरून निघाली ती दोन पुरुषांवर जाऊन खिळली. ऑथेल्लो थोर की मूर्ख? इयागो माणूस की सैतान? कथा आपल्या परिचयाची आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले आणि देवळांच्या ‘झुंझाररावा’ने (१८९०) ते आपल्या रंगभूमीवर रुजविले. व्हेनिसच्या चाकरीतला मूर सेनापती, त्याने प्रेमाने वरलेली उमरावकन्या, मनात विष कालवणारा निशाणदार आणि एक हरवलेला रुमाल, एवढ्यावर सारा अनर्थ उभा आहे.

या खटल्यातला पहिला कडक न्यायाधीश टॉमस रायमर. १६९३ च्या आपल्या ग्रंथात त्याने या नाटकाला रक्तरंजित प्रहसनच ठरविले. कुलीन मुलींनी आईबापांना न विचारता काळ्या माणसाबरोबर पळून जाऊ नये आणि गृहिणींनी आपल्या रुमालांवर नीट लक्ष ठेवावे, एवढाच बोध त्याला यातून निघताना दिसला. रायमरला हसणे सोपे आहे. पण पुढे कोलरिजसारखा मर्मज्ञ कवीदेखील, गोऱ्या व्हेनिसकन्येने खऱ्याखुऱ्या हबशावर प्रेम करावे ही कल्पनाच विकृत मानतो, तेव्हा हसू मावळते. हाच कोलरिज इयागोच्या मनाचा तळ गाठतो. त्याचे दुष्टपण निष्कारण आहे आणि तो स्वतःसाठी कारणे शोधीत हिंडतो, हे त्याचे निदान आजही खोडता येत नाही. विशेष असे की, कोलरिज हयात असतानाच, १८३३ साली, आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो उभा केला. आणि १९४३ साली पॉल रोबसनने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले प्रयोग २९६ पर्यंत चालले. जे विद्वानांना अशक्य वाटत होते ते रंगभूमीने करून दाखविले.

आता नाटकाकडे वळून पाहा. हा विवाह निसर्गाविरुद्ध आहे, असे प्रथम कोण म्हणते? मुलीच्या जाण्याने संतापलेला बाप ब्रॅबँशिओ. तिसऱ्या अंकात तोच धागा उचलून ऑथेल्लोच्या कानात कोण ओततो? इयागो. म्हणजे रायमर आणि कोलरिज या विवाहाविषयी जे बोलले ते नाटकातल्या खलपुरुषाच्याच पुढ्यात बसून बोलले! आपण ज्याला दोषी ठरवीत आहोत त्याचीच जबानी आपण खरी धरली, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

विसाव्या शतकाने ही चूक सुधारली असे म्हणावे, तर तसेही नाही. ए. सी. ब्रॅडले यांनी १९०४ साली ऑथेल्लोची बाजू मोठ्या सहृदयतेने मांडली. तो स्वभावाने संशयी नाही, शेक्सपिअरच्या नायकांत तो सर्वांत अद्भुतरम्य आहे, आणि त्याच्या जागी कोणीही डळमळला असता, असा त्यांचा निर्वाळा. १९२७ मध्ये टी. एस. एलियट यांनी या उदात्ततेला पहिला तडा दिला. अखेरच्या भाषणात ऑथेल्लोला डेस्डेमोनाचा विसर पडला असून तो केवळ स्वतःला धीर देत आहे, असे त्यांना वाटले. दहा वर्षांनी एफ. आर. लीव्हिस यांनी तर ब्रॅडलेंवर सरळ हल्लाच चढविला. ऑथेल्लो इतक्या तत्परतेने बळी पडतो की, घात करणारे मन इयागोचे नसून त्याचे स्वतःचेच आहे. आत्मगौरवाची त्याला चटक आहे, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद धारदार आहे, आणि ज्या वेगाने ऑथेल्लो कोसळतो त्याचे उत्तर ब्रॅडलेंना देता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सेनापती गर्विष्ठ आहे, त्याची भाषा फुगलेली आहे, हा आरोप नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात एकाने केलेला असतो. तो इयागो! लीव्हिस यांनी इयागोला क्षुद्र ठरविले खरे. पण त्याच्याच मताशी ते वेगळ्या वाटेने पोहोचले.

या सर्वांत जिला विचारायचे राहिले ती इयागोची बायको, इमिलिया. तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही असे नव्हे. जॉन्सनने १७६५ साली तिच्या सद्गुणाविषयी मार्मिक लिहिले आहे: तो सैल अंगरख्यासारखा आहे, पण टाकून दिलेला नाही, लहानसहान पापांना तिची ना नसते, घोर पाप पाहून मात्र ती खडबडून जागी होते. ब्रॅडलेंनीही, आपल्या मनातला सरळ संताप नाटकात तीच एकटी बोलून दाखविते, असे म्हटले. पण ही दोन्ही निरीक्षणे समासात राहिली. १९७० नंतर कॅरोल टॉमस नीली या अमेरिकन विदुषीने टीकाकारांचे ऑथेल्लोपक्षी आणि इयागोपक्षी असे दोन तट दाखवून आपण स्वतः इमिलियेच्या बाजूने आहोत असे जाहीर केले, तेव्हा कोठे हा समास मुख्य पानावर आला.

इमिलिया निर्दोष नाही. पडलेला रुमाल तीच उचलते, नवऱ्याला देते, आणि मालकिणीने विचारले असता ठाऊक नाही म्हणते. शेक्सपिअरने ज्या इटालियन कथेवरून (चिंथिओ, १५६५) हे नाटक रचले तीत निशाणदार स्वतःच रुमाल चोरतो. त्याच्या बायकोला सारा कट माहीत असतो, पण नवऱ्याच्या भयाने ती तोंड उघडीत नाही. ती जिवंत राहते आणि सारे संपल्यावर हकीकत सांगते. शेक्सपिअरने हे उलटविले. त्याची इमिलिया कट जाणत नाही, रुमालाचा अपराध मात्र तिच्या हातून होतो. आणि सत्य उमगताच, नवरा घरी जा म्हणून दटावीत असता, ती सर्वांसमक्ष बोलते. नवऱ्याची आज्ञा मानणे योग्य, पण आता नाही, असा तिचा भाव आहे. याची किंमत ती प्राणाने देते.

डेस्डेमोनाच्या मृत्यूपूर्वीच्या रात्री पुरुषांच्या दोषांमुळेच बायका बिघडतात, असे सांगणारे तिचे दीर्घ भाषण १६२३ च्या संग्रहात आहे. १६२२ च्या सुट्या आवृत्तीत ते नाही. ते आधी गाळले गेले की मागाहून घातले गेले, यावर पंडितांत वाद आहे. मरताना इमिलिया आपल्याला मालकिणीशेजारी ठेवा म्हणून विनविते. यावर रंगमंचावरचे कोणी तिला उत्तर देत नाही, आणि तिला तेथे ठेवल्याची रंगसूचना दोन्ही आवृत्तींत नाही. ते काम प्रत्येक दिग्दर्शकाकडे राहिले आहे.