रॉयल बॉम्बे यॉट क्लब

रॉयल बॉम्बे यॉट क्लब हा मुंबईतील अपोलो बंदर (पालवा बंदर) येथील शिडाच्या क्रीडानौकांचा क्लब आहे. 1846 मध्ये बॉम्बे यॉट क्लब या नावाने त्याची स्थापना झाली. 1876 मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यास ‘रॉयल’ ही उपाधी दिली.

पार्श्वभूमी

‘यॉट’ हा शब्द मूळ डच भाषेतील आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधून इंग्लंडमध्ये गेलेली ही वेगवान नौका राजघराण्याच्या आणि श्रीमंतांच्या विहाराचे साधन बनली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हा छंद मुंबईत आणला.

नौकानयन

मुंबईचे बंदर खुल्या समुद्राच्या लाटांपासून बरेचसे सुरक्षित आहे. पावसाळा संपल्यावर दुपारनंतर समुद्राकडून वाहणारा वारा शिडांना अनुकूल असतो. त्यामुळे नौकानयनाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात.

वास्तू

क्लबची जुनी इमारत 1881 मध्ये पूर्ण झाली. तिच्या समोरील निवासी इमारत 1890 च्या दशकात वास्तुविशारद जॉन ॲडम्स यांच्या आराखड्यानुसार उभारण्यात आली. सध्या क्लब याच इमारतीत आहे. शेजारचे गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर, 1924 मध्ये खुले झाले.

सदस्यत्व

ब्रिटिश काळात भारतीयांना क्लबचे सदस्यत्व मिळत नसे. ज्या किनाऱ्यावर कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या शिडे हाकारीत आले, तेथेच हौशी नौकानयनाची ही संस्था भारतीयांना बंद होती. पुढे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने भारतीय व युरोपीय या दोघांनाही खुला असलेला विलिंग्डन क्लब मुंबईत स्थापन झाला. यॉट क्लबमध्ये भारतीयांना प्रवेश स्वातंत्र्यानंतरच मिळाला.

जुन्या इमारतीचा पुढील वापर

स्वातंत्र्यानंतर जुनी इमारत सरकारकडे आली. 1949 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था तेथे गेली आणि 1962 मध्ये कुलाब्यातील स्वतःच्या वास्तूत स्थलांतरित होईपर्यंत तिचे कार्य तेथून चालले. संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रकार होते. याच काळात त्यांनी संस्थेसाठी समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती घेण्यास आरंभ केला. पुढे ही इमारत अणुऊर्जा विभागाच्या वापरात राहिली. अशा रीतीने भारतीयांना एकेकाळी सदस्यत्व नाकारणाऱ्या वास्तूत स्वतंत्र भारतातील विज्ञान-संशोधनाची जडणघडण झाली.