फ्रीडम पार्क, बंगळुरू
बंगळुरूच्या मध्यवस्तीत, गांधीनगर भागातील शेषाद्री रस्त्यालगतचे सार्वजनिक उद्यान. विस्तार सुमारे २१ एकर. शहराचे जुने मध्यवर्ती कारागृह याच जागी होते. म्हैसूर संस्थानचा कारभार ब्रिटिश कमिशनरकडे असताना, लुइन बाउरिंग याच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात ते बांधले गेले. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या बराकी, अशी त्याची रचना होती. मनोऱ्यावरच्या मोजक्या पहारेकऱ्यांना सगळ्या बराकी नजरेखाली ठेवता येत. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत तुरुंगबांधणीची ही पद्धत रूढ झाली होती.

कारागृहाचे नाव देशभर झाले ते आणीबाणीत. पक्षांतरबंदी विधेयकावरील संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळुरूला आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते यांना २६ जून १९७५ रोजी पकडून येथे आणले. दंडवते तेव्हा कोकणातील राजापूरचे खासदार होते. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते पुण्याच्या येरवडा तुरुंगात स्थानबद्ध होत्या. दोन तुरुंगांतून चाललेला या दांपत्याचा पत्रव्यवहार हा आणीबाणीच्या इतिहासाचा बोलका भाग आहे. बंगळुरूतील या चौघा नेत्यांच्या स्थानबद्धतेविरुद्धच्या अर्जांवर बंगळुरूच्या उच्च न्यायालयात मो. क. छागला यांनी बाजू मांडली. असे अर्ज ऐकता येतात, असा कौल त्या न्यायालयाने दिला. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आणि इतर उच्च न्यायालयांचे तशाच आशयाचे निर्णय फिरवले.

नेत्यांच्या नावांपुढे ‘संस्कार’ (१९७०) या कन्नड चित्रपटाच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांचे नाव मागे पडते, हे न्याय्य नव्हे. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांना दम्याचा विकार होता आणि इथल्या कोठडीत तो बळावत गेला. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यानंतर काही दिवसांतच, २० जानेवारीला, त्यांचे निधन झाले. त्यांची तुरुंगातील रोजनिशी नंतर प्रसिद्ध झाली.

शहर वाढत गेले तशी ही जागा तुरुंगाला अपुरी व गैरसोयीची ठरली आणि २००० साली कैद्यांना शहराच्या दक्षिणेकडील परप्पन अग्रहार येथे हलवण्यात आले. शहराच्या ऐन मध्यात एवढी मोकळी जमीन हाती आल्यावर ती बांधकामाला न देता लोकांसाठी राखली गेली, ही गोष्ट बंगळुरूत तरी नवलाचीच. आराखडा मॅथ्यू अँड घोष या वास्तुशिल्पसंस्थेचा. नोव्हेंबर २००८ मध्ये उद्यान खुले झाले. आराखडा करताना तुरुंग पुसून टाकायचा नाही, असे धोरण होते. मनोरा, उंच तट, काही बराकी आणि कोठड्या तशाच ठेवल्या; काही ठिकाणी कैद्यांचे पुतळे बसवले आहेत. जुन्या भिंतींच्या मधल्या जागेत हिरवळ, पायवाटा आणि खुले प्रेक्षागृह आले. सकाळी फिरायला येणारे, सुटीत येणारी मुले, कार्यक्रमांना जमणारे विद्यार्थी असा इथला रोजचा राबता.

सभा-निदर्शनांसाठीही उद्यानात जागा राखलेली आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीत लोकपालासाठी उपोषण केले, तेव्हा बंगळुरूतील त्यांच्या समर्थकांचे केंद्र फ्रीडम पार्क हेच होते. त्यात तरुणांचा भरणा मोठा होता. पुढे वाहतूक कोंडीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०२१ च्या सरकारी आदेशाने शहरातील निदर्शने याच उद्यानापुरती मर्यादित केली. रस्ते मोकळे राहतात, असे या नियमाचे समर्थक म्हणतात. ज्यांच्या कानी गाऱ्हाणे घालायचे त्यांच्या दारापासून आंदोलक दूर राहतात, हा त्यावरचा आक्षेप आहे, आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. शेतकरी, अंगणवाडी सेविका, परिवहन कर्मचारी यांची धरणी आता याच तटांच्या आत धरली जातात.